कापूर हुंगायचा, चोळायचा, की नुसता जवळ ठेवायचा? नव्याने वापरणाऱ्यांसाठी

सर्दीने नाक चोंदलं की कुणीतरी हमखास सांगतं, "कापूर हुंग." दुसरं कुणी तेलात घालून छातीला चोळायला सांगतं, तिसरं गरम पाण्यात टाकून वाफ घ्यायला. किती घ्यायचा, कोणता घ्यायचा, नाकापासून किती लांब धरायचा, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते कुणी सांगितलेलं नसतं. हे बहुतेक प्रकार मी वर्षानुवर्षं वापरत आले आहे आणि त्यातले काही जाणूनबुजून सोडूनही दिले आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याला जे आधी कळायला हवं ते आधी, या क्रमाने पुढे लिहिलं आहे. घाई असेल तर निदान दुसरा आणि शेवटचा टप्पा वाचाच.

१. आधी समजून घ्या: कापूर नाकात नेमकं काय करतो

कापराचा खडा उघड्यावर ठेवला तर तो वितळत नाही, ओला होत नाही, नुसता दिवसागणिक लहान होत जातो. घनातून थेट वाफ होण्याचा हा गुण, आणि आपण हुंगतो ती हीच वाफ. ती नाकात शिरली की दोन वेगवेगळ्या वाटांनी मेंदूपर्यंत वर्दी जाते. एक वाट वासाची. दुसरी वाट चेहऱ्यावरचा स्पर्श, झोंबणं, गरम-गार यांची जाणीव नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेची. थंड हवा लागली की जागे होणारे जे ग्राहक (जाणीव टिपणारे सूक्ष्म घटक) त्या नसेच्या टोकांवर असतात, त्यांतल्याच काहींना कापूर आणि मेंथॉल (पुदिन्याचं सत्त्व) चाळवतात. हवा खोलीतलीच असते, पण नाकाला ती गार लागते. आणि गार हवा आत गेल्याची जाणीव म्हणजेच आपल्या लेखी "नाक मोकळं झालं".

खरंच मोकळं होतं का? १९८३ साली कार्डिफच्या रॉन एक्लिस आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. लोकांना कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांची वाफ हुंगायला दिली आणि नाकातून हवा जाताना होणारा अडथळा यंत्राने तपासला. श्वास सुधारल्यासारखं वाटतं असं लोक सांगत होते, पण अडथळा होता तेवढाच होता.

मला स्वतःला हे वाचून कापराबद्दलचा आदर कमी झाला नाही. रात्री अडीच वाजता नाक चोंदून झोप उडालेली असते तेव्हा "बरं वाटणं" हीच मोठी गोष्ट असते. पण एवढं पक्कं ध्यानात ठेवा: कापूर सूज उतरवत नाही, कफ पातळ करत नाही, फुप्फुसात जास्तीची हवा भरत नाही. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरी तेल यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो असा संदेश देशभर मोबाइलवर फिरत होता. तो वाढत नाही. वाढल्यासारखं वाटू शकतं, आणि धोका नेमका तिथेच आहे. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर कापूर बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

२. कोणी या वाटेला जाऊच नये

हा टप्पा बहुतेक लेखांत तळाशी असतो, म्हणून मुद्दाम वर घेतला आहे.

दोन वर्षांखालच्या मुलांसाठी कापूर कुठल्याही रूपात नको. तेल नको, बाम नको, झबल्याला बांधलेली पुरचुंडी नको, पाळण्यात ठेवलेली वडी नको. तान्ह्या बाळाच्या नाकाशी उग्र वाफ आली तर श्वास क्षणभर थांबण्याची प्रतिक्रिया उमटू शकते. शिवाय त्याची कातडी पातळ, वजन कमी आणि कापूर पचवून बाहेर टाकणारं यकृत अजून कच्चं. "आम्हाला नाही का लहानपणी लावलं, काय झालं?" हा प्रश्न येणारच. त्यावर वाद घालत बसू नका, वडी उचलून घ्या.

दोन वर्षांवरच्या लहान मुलांना लावायचं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

मोठ्यांपैकी:
फिट्स येणाऱ्यांनी किंवा पूर्वी कधी आलेल्यांनी कापूर टाळावा. कापूर मेंदूला उत्तेजित करतो आणि विषबाधेत पहिलं गंभीर लक्षण झटके हेच असतं.
गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तेल-बामसुद्धा विचारल्याशिवाय लावू नये. कापूर वारेतून बाळापर्यंत पोहोचतो.
दम्याच्या रुग्णांनी सावध राहावं. काहींना याच वासाने खोकल्याची उबळ येते. इनहेलरच्या जागी तर तो कधीच नाही.
जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता ज्यांच्यात आहे, त्यांना डॉक्टर टाळायच्या गोष्टींची यादी देतात. डांबरगोळ्यांबरोबर कापराबद्दलही त्यांना स्पष्ट विचारून घ्या.

३. कोणता कापूर घ्यायचा

इथे सर्वांत जास्त गोंधळ असतो, आणि तो आजचा नाही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातही कापराचे पक्व आणि अपक्व असे दोन प्रकार सांगून अपक्व अधिक गुणाचा ठरवला आहे. आज तुमच्यासमोर साधारण तीन गोष्टी येतात.

पहिला, कापराच्या झाडाचा. हे दालचिनीच्या कुळातलं झाड मूळचं चीन, तैवान, जपान या पट्ट्यातलं. त्याच्या लाकडाच्या ढलप्या वाफवून त्यातून कापूर काढतात. पान चुरगळलं तरी वास येतो.

दुसरा भीमसेनी किंवा बरास. सुमात्रा, बोर्निओ आणि मलाया इथल्या उंच जंगली वृक्षांच्या जुन्या खोडांत, चिरांमध्ये याचे स्फटिक सापडत. सुमात्राच्या किनाऱ्यावरच्या बारूस बंदरातून तो शतकानुशतकं जगभर जात असे. रसायन म्हणून पाहिलं तर हा कापूर नव्हे, बोर्निओल नावाचा त्याचा जवळचा भाऊबंद. वास जास्त सौम्य, उडून जायला जास्त वेळ घेणारा.

तिसरा, टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकसाठी कापराची मागणी एवढी वाढली होती की झाडांवर भागेना, आणि तेव्हा ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली. आज सर्रास मिळणारा कापूर बहुतेक हाच.

"भीमसेनी" असं लिहिलेले जे स्फटिकासारखे खडे मिळतात, ते बऱ्याचदा झाडाच्या चिरेतले नसतात, तर मेण न मिसळता जमवलेला साधा कापूर असतो. त्यात फसवणूक वाटली तरी हुंगण्यापुरता तो वाईट नाही. माझं मत विचाराल तर नावाला भुलू नका, भेसळीकडे बघा. जाळण्यासाठी दाबून केलेल्या वड्यांत मेण किंवा इतर काही मिसळलेलं असू शकतं. अशी वडी हुंगायला किंवा तेलात घालायला घेऊ नका.

घरी करता येण्यासारखी सोपी तपासणी: स्वच्छ स्टीलच्या ताटलीत छोटा तुकडा हवेशीर, पण मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. काही दिवसांनी तुकडा संपेल. ताटली कोरडी आणि कोरी राहिली तर ठीक. चिकट डाग किंवा पांढरी साय उरली तर त्यात दुसरं काही आहे.

आणि डांबरगोळी? तीही पांढरी, तीही हवेत उडणारी, तिलाही उग्र वास. कपाटात सुटी सापडलेली गोळी कसली हे कळत नसेल तर ती साध्या पाण्यात टाका. नॅफ्थलीनची डांबरगोळी बुडते, कापूर तरंगतो. कापराचा बारीक कण स्वच्छ पाण्यावर नुसता तरंगत नाही, तर स्वतःभोवती गिरक्या घेत इकडून तिकडे पळतो, कारण त्याच्याभोवती पाण्याचा पृष्ठताण एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त होत राहतो. तेलकट बोट पाण्याला लावलं की तो जागच्या जागी थांबतो. मुलांना दाखवायला छान खेळ आहे, फक्त कण तुमच्याच हातात ठेवा. यातून शुद्धता मात्र कळत नाही, कापूर की डांबरगोळी एवढंच कळतं.

नेहमीचा सापळा: "नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक." झाडाचा आणि कारखान्याचा कापूर विषारीपणात सारखेच समजून वागा.

४. सामान जमवा

शुद्ध कापराचे खडे, थोडेच. मोठा डबा भरून ठेवण्यात काही फायदा नाही.
घट्ट फिरकीचं झाकण असलेली काचेची बाटली. पातळ प्लास्टिक काही वेळा कापराच्या वाफेने मऊ पडतं.
जुनं, धुतलेलं सुती कापड किंवा रुमाल.
तीळ तेल किंवा खोबरेल तेल.
दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा.
चिकटवायचं लेबल आणि पेन.

वजनकाटा पाहून नाक मुरडू नका. "दोन वड्या घाला" हे माप नव्हे, कारण वडी किती ग्रॅमची ते प्रत्येक बनवणाऱ्यागणिक बदलतं. तेल करताना काटा नसेल तर तेल करू नका, नुसतं हुंगण्यावर भागवा.

५. हुंगणं

सर्वांत जुनी आणि बरोबर केली तर सर्वांत कमी जोखमीची पद्धत.

हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा घ्या, सुती कापडाच्या दोन पदरांत बांधा. पुरचुंडी नाकापासून वीतभर लांब धरा. तोंड मिटून दोन-तीन साधे श्वास घ्या. नेहमीचे, जोर लावून ओढलेले नकोत. मग पुरचुंडी बाटलीत टाकून झाकण लावा. झालं.

यात लोक हमखास तीन गोष्टी करतात. एक, पुरचुंडी नाकपुडीला टेकवतात किंवा खडाच नाकात खुपसतात. आतली कातडी नाजूक असते, भाजल्यासारखी आग होते आणि तिथून कापूर शरीरात शोषलाही जातो. दोन, दीर्घ श्वसनाचा व्यायाम आणि कापूर एकत्र करतात. पाच-दहा दीर्घ श्वासांत मग डोकं गरगरतं आणि "शुद्धी होतेय" असं समजून आणखी हुंगलं जातं. तीन, काही मिनिटांनी वास येईनासा झाला की कापूर "संपला" म्हणून नवा मोठा खडा घेतात. वास येईनासा होतो कारण नाक त्याला सरावतं. खोलीबाहेर जाऊन परत या, वास तिथेच असतो.

मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांतून पाणी, अस्वस्थपणा यांपैकी काहीही जाणवलं तर त्या दिवसापुरतं थांबवा आणि खिडकी उघडा.

रात्रभरासाठी उशीखाली ठेवू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उंचावर, उघड्या वाटीत छोटा तुकडा आणि खिडकीला फट, एवढं पुरतं. खोलीत लहान मूल झोपत असेल तर तेही नको.

इथे वासाबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. सर्दी-तापानंतर वास गेला की अनेक जण कापूर हुंगून बघतात आणि "येतोय वास" म्हणून निर्धास्त होतात. मघाशी सांगितलेली दुसरी वाट आठवा. वासाची नस पूर्ण बंद असली तरी कापराचा गारवा आणि झोंबणं जाणवू शकतं, आणि मेंदू त्यालाच वास समजतो. वास आहे की नाही हे तपासायचं तर न झोंबणारं काहीतरी घ्या: कॉफीची पूड किंवा साधा साबण. डोळे मिटून ते ओळखता आलं तर वास आहे.

उंच पहाडावर जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. दम लागला की कापूर हुंगायचा, हा सल्ला यात्रेकरू आणि ट्रेकर एकमेकांना देतात. ३५०० मीटरवर दर श्वासाबरोबर मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, आणि ही तूट कुठलाही सुवास भरून काढत नाही. त्यात आणखी गुंता असा की डोकेदुखी आणि मळमळ ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणं, आणि कापूर जास्त झाला की तीच होतात. मग कशामुळे काय झालं ते कळत नाही. पुरचुंडी जवळ असू द्या हवं तर, पण लक्षणं दिसली की चढणं थांबवा, वाढली तर खाली उतरा.

६. छाती-पाठीला लावायचं तेल

इथे प्रमाण हेच सगळं आहे. छातीला चोळायच्या बऱ्याच तयार बामांमध्ये कापूर साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाह्य वापराच्या औषधांत कापराला ११ टक्क्यांची मर्यादा घातली आणि २० टक्क्यांचं जुनं कापूरतेल बाजारातून हटवलं, कारण दुसरं औषध समजून ते चुकून पाजलं जात होतं. घरच्या तेलासाठी ४ टक्के भरपूर झाले.

म्हणजे ९६ ग्रॅम तेलात ४ ग्रॅम कापूर. दोन्ही काट्यावर मोजा. तेल मिलिलिटरमध्ये मोजून ग्रॅमशी जुळवू नका, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं.

कापूर खलात कुटायला जाल तर तो भुगा न होता दबतो आणि बत्त्याला चिकटून बसतो. औषधं खलणारे त्यावर दोन थेंब स्पिरिट टाकतात, मग तो झटकन बारीक होतो. आपल्याला एवढ्याची गरज नाही. सुरीने बारीक तुकडे करा, बाटलीत टाका, वर तेल ओता, झाकण घट्ट लावा. बाटली हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवून अधूनमधून हलवा, किंवा तशीच रात्रभर राहू द्या. सकाळी तळाशी कण दिसत नसले की तेल तयार. थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा तीळ तेल सोयीचं.

शेगडीवर कढईत तेल तापवून त्यात कापूर टाकण्याची कृती सर्वत्र दिसते. ती करू नका. साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पुढे कापराची वाफ ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते. तापलेलं तेल त्याहून कितीतरी गरम असतं आणि खाली ज्योत असते. शिवाय निम्मा कापूर हवेत उडून गेल्यावर तुमच्या तेलात किती टक्के उरला हे कुणालाच सांगता येणार नाही.

पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. लाली, खाज, पुरळ काही नसेल तर पुढे जा. मोठ्या माणसाला अर्धा चहाचा चमचा तेल छातीच्या वरच्या भागाला आणि पाठीला पुरतं. दिवसातून तीनदा, त्याहून जास्त नाही. वर सैल सुती कपडा घाला.

आधी गार वाटेल, मग ऊब. एकाच वस्तूने दोन्ही कसं, असा प्रश्न पडतो. कापूर गारव्याच्या ग्राहकांना चाळवतो तसाच उष्णतेच्या काही ग्राहकांनाही चाळवतो, आणि चोळण्याने त्या जागी रक्त खेळतं ते वेगळंच. ऊब सुखद असेपर्यंत ठीक, आग होऊ लागली तर साबणाने धुऊन टाका.

काय करू नये: कापलेल्या, खरचटलेल्या, भाजलेल्या कातडीवर लावणं. लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवणं किंवा घट्ट पट्टी बांधणं, कारण त्याने शोषण वाढतं आणि कातडी भाजू शकते. नाकपुडीत तेलाचं बोट फिरवणं. तेल श्वासाबरोबर थेंबाथेंबाने फुप्फुसात उतरलं तर तिथे न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते आणि ती लवकर जात नाही. तळपायांना लावून मोजे घालण्याचाही एक प्रकार हल्ली जोरात आहे. पायातून छातीपर्यंत काही पोहोचत नाही, जो काही गुण येतो तो पांघरुणातून नाकाला येणाऱ्या वासाचा.

हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर दोनदा धुवा.

७. वाफारा

मी वाफाऱ्यात कापूर घालत नाही, तुम्हीही घालू नका. ओली गरम हवा घशाला आणि नाकाला आराम देते, ते काम साधं पाणी करतं. उकळत्या पाण्यात पडलेला कापूर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, सगळा एकदम वाफेबरोबर वर येतो. डोक्यावर चादर घेतलेली असते, तोंड भांड्यावर असतं, आणि तो भपकारा डोळ्यांवर आणि घशात बसतो. गॅसवरचं भांडं न उतरवता वाफ घेणारेही असतात, त्यांनी मघाचा ६५ अंशांचा आकडा परत वाचावा.

दोन्ही हवंच असेल तर आधी साध्या पाण्याची वाफ घ्या, भांडं बाजूला करा, चेहरा पुसा आणि मग वीतभर अंतरावरून पुरचुंडी. नेब्युलायझरमध्ये किंवा वाफेच्या यंत्राच्या पाण्यात कापूर, कापूरतेल, बाम यांपैकी काहीही टाकू नका.

८. जाळणं

श्वासासाठी कापूर जाळण्यात अर्थ नाही. जळताना कापराचा बराचसा भाग तुमच्या नाकापर्यंत पोहोचायच्या आत संपतो, आणि काजळी मात्र पोहोचते. ज्योतीवर क्षणभर स्टीलचा चमचा उपडा धरा, काळा थर डोळ्यांनी दिसेल. छाती भरलेल्या माणसाच्या खोलीत ते नको.

विजेच्या कापूरदाणीत ज्योत नसते, म्हणून ती बरी. तीही थोडा वेळ, खिडकी उघडी ठेवून, लहान खडा घालून. तासन्‌तास चालू ठेवू नका. कुत्री-मांजरं असतील तर ती खोलीबाहेर जाऊ शकतील अशी वाट ठेवा.

९. अमृतधारा: तीन खड्यांचं पाणी

कापूर, पुदिन्याचं सत्त्व आणि ओव्याचं सत्त्व. तिन्ही कोरडे, तिन्ही घन. सम प्रमाणात एका बाटलीत टाकून हलवलं की काचेला ओलसरपणा दिसू लागतो, खड्यांच्या कडा गोल होतात, आणि बघता बघता बाटलीत स्वच्छ द्रव तयार होतो. ना पाणी घातलं, ना विस्तव. एकेकटे असताना पुदिन्याचं सत्त्व साधारण ४२ अंशांना वितळतं, ओव्याचं ५० च्या आसपास आणि कापूर १७५ च्या पुढे. एकत्र आल्यावर मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली येतो. कितीही वेळा पाहिलं तरी मला अजून मजा वाटते.

वापर: रुमालाच्या एका कोपऱ्यावर एक थेंब, रुमाल घडी करून लांबून हुंगायचा. बस.

आता हिशेब करा. सम प्रमाण म्हणजे एक तृतीयांश कापूर, म्हणजे ३३ टक्के. वर सांगितलेल्या ११ टक्क्यांच्या मर्यादेच्या तिप्पट. म्हणून हे द्रव थेट कातडीवर, कपाळावर, नाकाखाली लावू नका. पोटदुखीला पाण्यातून थेंब घेण्याची जुनी पद्धत आहे. ती वैद्याने बघून ठरवायची गोष्ट, आपण बाटली बघून नव्हे. आणि ड्रॉपरची बाटली औषधासारखी दिसते, त्यामुळे मुलांच्या सिरपशेजारी तिला जागा नाही.

१०. डोळे, कान, दात

जुन्या ग्रंथांत कापूर डोळ्यांना हितकर म्हटला आहे, म्हणून काजळात घालतात. डोळ्यात पाणी येऊन गार वाटतं, पण ते पाणी झोंबल्याचं असतं. घरी करून घालू नका. कानात कापूरतेल नको, पडद्याला भोक आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. दाढेत खडा धरू नका, लाळेबरोबर तो पोटात जातो.

११. ठेवायचा कसा

बाटलीत चार मिरे टाकले की कापूर उडत नाही, असं मानतात. मिरे राहू द्या, बिघडत काही नाही, पण कापूर टिकतो तो घट्ट झाकणाने. थंड, काळोखी जागा, शेगडी आणि दिव्यापासून लांब.

स्फटिकाचे खडे थेट खडीसाखरेसारखे दिसतात, आणि मुलांचे अपघात इथूनच होतात. म्हणून खाऊच्या फडताळात किंवा उघड्या वाटीत ठेवू नका. कुलपात किंवा मुलांचा हात पोहोचणार नाही तिथे ठेवा. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा: "कापूर, खाण्याचा नाही." तेलाच्या बाटलीवर टक्केवारी आणि तारीखही लिहा. ही टक्केवारी एरवी कुणी वाचत नाही, पण पुढच्या टप्प्यात तीच पहिल्यांदा विचारली जाते.

१२. पोटात गेला तर

कापूर पोटातून फार लवकर रक्तात जातो. लहान मुलाच्या बाबतीत अर्धा ते एक ग्रॅमसुद्धा जिवावर बेतू शकतो. तोंडात आग, मळमळ, उलटी, बेचैनी, बडबड ही लक्षणं आधी दिसू शकतात, पण कधी कधी कसलीही चाहूल न लागता थेट झटका येतो, बहुधा ५ ते ९० मिनिटांच्या आत. त्यामुळे "बघू, काही होतंय का" म्हणून थांबू नका.

उलटी करवू नका. त्याच वेळी झटका आला तर ती श्वासनलिकेत जाईल. दूध, तूप, तेल पाजू नका. कापूर स्निग्ध पदार्थात विरघळतो आणि शोषण वाढू शकतं. तोंडात उरलेले तुकडे दिसत असतील तर बोटाला कापड गुंडाळून काढा. मूल शुद्धीत नसेल किंवा झटके येत असतील तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

आणि लगेच रुग्णालयात निघा. जाताना बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या. डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: काय खाल्लं (खडा, तेल की बाम), अंदाजे किती, किती वाजता, आणि मुलाचं वजन. खाताना कुणी पाहिलं नसेल पण तोंडाला कापराचा वास येत असेल, तर तेही सांगा.